उलटी थांबली, मळमळ थांबली का?

कुत्र्याला किंवा मांजराला उलट्या सुरू झाल्या की दवाखान्यात आलेल्या माणसाची मागणी बहुधा एकच असते: "डॉक्टर, उलटी थांबायचं इंजेक्शन द्या." मागणी रास्त आहे. रात्रभर जागरण झालेले असते, फरशीवर पिवळ्या पाण्याचे डाग असतात आणि तोंडावाटे दिलेली गोळी पाच-दहा मिनिटांत तशीच बाहेर पडलेली असते. पोटात काहीच टिकत नसेल तर औषध सुईनेच द्यावे लागणार. गेल्या वीस वर्षांत ही सुई फार प्रभावी झाली आहे. पूर्वी कुत्र्याची उलटी 'कमी व्हावी' म्हणून इंजेक्शन देत असत. आता एका टोचणीने चोवीस तास उलटी जवळजवळ बंद करता येते. त्यामुळेच एक प्रश्न पूर्वीपेक्षा तातडीचा झाला आहे. उलटी थांबवतो तेव्हा आपण नेमके काय थांबवतो? आजार, मळमळ, की फक्त पोटातले बाहेर पडण्याची क्रिया?

औषधांकडे वळण्याआधी एक खात्री करून घ्यावी लागते, ती म्हणजे जनावर खरोखर उलटीच करते आहे का. उलटीच्या आधी उमासे येतात, पोटाचे स्नायू आत ओढले जातात, लाळ गळते, जनावर अस्वस्थपणे जागा बदलते. याउलट अन्ननलिकेतून अन्न नुसते परत येते तेव्हा जोर लागत नाही. मान खाली केली की न पचलेला, बऱ्याचदा नळीच्या आकाराचा घास घरंगळून बाहेर पडतो. हा अन्ननलिकेचा दोष आहे आणि उलटीविरोधी कोणतेही इंजेक्शन त्याला लागू पडत नाही. तिसरा प्रकार खोकल्याचा. जोरात खोकून शेवटी पांढरा फेस टाकणाऱ्या कुत्र्याला कित्येकदा उलटीचे औषध सुरू केलेले आढळते. मोबाइलवर काढलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत इथे मालकाच्या तोंडी वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडते.

उलटी पोटातून बाहेर येते, पण ती घडवतो मेंदू. मेंदूच्या देठात उलटीचे सूत्रसंचालन करणारी चेतापेशींची जाळी आहे आणि तिथे चार वाटांनी निरोप येतात. पहिली वाट रक्ताची. मेंदूच्या देठाजवळ एरिया पोस्ट्रिमा नावाचा एक छोटा भाग आहे. मेंदूला रक्तातल्या विषांपासून वाचवणारा पडदा तिथे विरळ असतो, म्हणून किडनी निकामी झाल्यावर साठलेली द्रव्ये, काही औषधे आणि विषे यांची चाहूल त्याला आधी लागते. दुसरी वाट पोट आणि आतड्यांतून व्हेगस चेतातंतूंवरून वर येते. तिसरी आतल्या कानातून, गाडी लागण्याची. चौथी भीती, वेदना, वास यांची. या वाटांवर डोपामिन, सेरोटोनिन, हिस्टामिन, असेटिलकोलिन आणि सबस्टन्स पी अशी रसायने निरोप पोचवतात. उलटीचे प्रत्येक औषध यांपैकी कोणत्या ना कोणत्या रसायनाला अडवते. कोणती वाट वाहती आहे याचा अंदाज नसताना औषध निवडणे म्हणजे अंधारात तीर.

त्यातही कुत्रा आणि मांजर सारखे नाहीत. अपोमॉर्फिन हे डोपामिनसारखे काम करणारे औषध कुत्र्याला दिले की त्याला हमखास उलटी होते. मांजरावर मात्र ते भरवशाचे नाही. मांजराला उलटी होते ती झायलाझिनने, म्हणजे गुंगीसाठी आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या औषधाने, कारण तिथे वेगळ्या जातीचे ग्राहक (रिसेप्टर) कामाला येतात. गाडी लागणाऱ्या कुत्र्यात हिस्टामिनचा वाटा मोठा, मांजरात तो नगण्य समजला जातो. म्हणून कुत्र्यावर चाललेले औषध वजनाच्या हिशेबाने कमी करून मांजराला दिले की काम झाले, ही समजूत मुळातच चुकीची आहे.

मेटोक्लोप्रमाइड हे जुने आणि आपल्याकडच्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणारे इंजेक्शन. ते मेंदूतल्या डोपामिनला अडवते आणि जठराची व लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची हालचाल वाढवून अन्न पुढे ढकलते. जठर सुस्तावलेल्या कुत्र्याला हा दुसरा गुण खरोखर उपयोगी पडतो. अडचण अशी की कुत्र्याच्या शरीरातून ते फार लवकर निघून जाते. दिवसातून एकदा टोचलेले मेटोक्लोप्रमाइड दोन-तीन तास काम करते, उरलेला दिवस मालकाचा भ्रम. दर सहा ते आठ तासांनी देणे किंवा सलाईनमधून दिवसभर थेंबाथेंबाने सोडणे, हाच त्याचा खरा वापर. मांजरात तर उलटी थांबवण्याची त्याची ताकद मुळात संशयास्पद आहे. मात्रा चढली तर जनावर बेचैन होते, थरथरते, विनाकारण ओरडत फिरते. आणि आतडे कुठे अडलेले असेल तर हालचाल वाढवणारे औषध देणे सरळ धोक्याचे आहे. केवळ स्वस्त आणि हाताशी आहे म्हणून ते अजूनही पहिल्या क्रमांकावर राहावे, हे मला पटत नाही.

क्लोरप्रोमाझिन आणि प्रोक्लोरपेराझिन ही त्याहून जुनी जोडी. ती परिणामकारक आहेत, पण रक्तदाब उतरवतात. उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या जनावराला पुरेसे सलाईन देण्याआधी ती टोचली तर औषधच त्याला खाली पाडते. आता त्यांचा वापर मागे पडला आहे आणि तसेच व्हायला हवे होते.

ऑन्डान्सेट्रॉन माणसांच्या कॅन्सरोपचारातून आले. किमोथेरपीने आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, ते व्हेगसच्या टोकांना चेतवते आणि उलटी होते. ही साखळी तोडणारे ऑन्डान्सेट्रॉन ग्लॅक्सो कंपनीने विकसित केले आणि १९९१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. कुत्र्या-मांजरांसाठी त्याचा वापर बहुतेक ठिकाणी माणसांचेच इंजेक्शन वापरून होतो. आतड्यातून निघणाऱ्या उलटीवर ते चांगले चालते. त्याचा आणखी एक गुण आहे, त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आता मारोपिटन्ट. याची गोष्ट १९३१ पासून सुरू होते. त्या वर्षी लंडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात सबस्टन्स पी शोधले. पुढे कित्येक दशकांनी कळले की उलटीच्या जाळीत शेवटचा निरोप पोचवण्यात याच रसायनाचा हात आहे. सगळ्या वाटा जिथे एकत्र येतात तिथेच नाके बसवता आले, तर निरोप कुठूनही येवो, उलटी होणार नाही. माणसांसाठी या तत्त्वावरचे पहिले औषध, अप्रेपिटन्ट, २००३ मध्ये आले. कुत्र्यांसाठी फायझरच्या पशुवैद्यकीय विभागाने मारोपिटन्ट बनवले आणि 'सेरेनिया' या नावाने २००६ मध्ये युरोपात व २००७ मध्ये अमेरिकेत ते बाजारात आणले. अमेरिकेत मांजरांसाठीच्या इंजेक्शनला २०१२ मध्ये परवानगी मिळाली. तोच विभाग पुढे झोएटिस ही स्वतंत्र कंपनी झाला.

या औषधाने काय बदलले हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेतून नीट दिसते. बीगल कुत्र्यांना दोन वेगळ्या प्रकारे उलटी करवली गेली. एकदा अपोमॉर्फिनने, म्हणजे मेंदूच्या वाटेने, आणि एकदा इपेकॅकच्या सिरपने, म्हणजे मुख्यतः पोटाच्या वाटेने. मेटोक्लोप्रमाइडने पहिली अडवली, दुसरी नाही. ऑन्डान्सेट्रॉनने दुसरी अडवली, पहिली नाही. मारोपिटन्टने दोन्ही. डॉक्टरला कारणाचा निश्चित अंदाज नसतानाही जे औषध बहुतेक वेळा चालते, ते एवढे लोकप्रिय का झाले याचे उत्तर या तीन वाक्यांत आहे.

मात्राही सोपी. दर किलो वजनाला १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, कातडीखाली. द्रावण १ मिलीत १० मिलिग्रॅमचे असते, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला १ मिली, चार किलोच्या मांजराला ०.४ मिली. कुत्र्याला कातडीखाली टोचल्यावर रक्तातली पातळी पाऊण तासाच्या आसपास शिखर गाठते. पण हे इंजेक्शन झोंबते. मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई आत गेली तेव्हा शांत असलेली मांजर, औषध आत जाताक्षणी किंचाळून उलटी फिरते, हे या औषधाबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. यावर उपाय साधा आहे. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि द्रावण बाहेर काढल्याबरोबर, थंड असतानाच टोचायचे. द्रावणातले साखरेच्या जातीचे सायक्लोडेक्स्ट्रिन थंडीत औषधाला अधिक घट्ट धरून ठेवते. मोकळे औषध कमी, म्हणून आगही कमी. सिरिंज हातात धरून मालकाशी पाच मिनिटे बोलत बसले की हा फायदा निघून जातो.

काही बंधने आहेत. औषध यकृतात मोडते, म्हणून यकृताचा आजार असलेल्या जनावरात जपून. हृदयरोग्यांतही जपून. अकरा आठवड्यांहून लहान पिल्लांत अस्थिमज्जेची वाढ खुंटल्याचे कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांत अधिक प्रमाणात दिसले होते, त्यामुळे अगदी लहान पिल्लांना हे देताना विचार करावा लागतो. उलट्यांनी सर्वात जास्त मरतात ती नेमकी याच वयाच्या आसपासची पिल्ले, हा पेच खरा आहे.

आता मघाचा मुद्दा. उलटी दिसते, मोजता येते. मळमळ दिसत नाही. कुत्रा वारंवार ओठ चाटतो, कोरडाच गिळत राहतो, लाळ गाळतो, गवत शोधतो. मांजर भांड्यासमोर येऊन बसते, वास घेते, मान फिरवते आणि निघून जाते. मालक सांगतो, "भूक आहे पण खात नाही." ती बहुतेक वेळा मळमळच असते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये कुत्र्यांना सिस्प्लॅटिन या किमोथेरपीच्या औषधाची कमी मात्रा देऊन हीच गोष्ट तपासली. मारोपिटन्टने उलटी थांबली, पण मळमळीची लक्षणे चालूच राहिली. ती कमी केली ऑन्डान्सेट्रॉनने. आतल्या कानाच्या दोषाने तोल जाऊन मळमळणाऱ्या कुत्र्यांत नंतर झालेल्या अभ्यासातही ऑन्डान्सेट्रॉन सरस ठरले. मांजरांबाबत २०१५ चा एक अभ्यास असेच सांगतो. किडनीच्या जुनाट आजाराच्या मांजरांना दोन आठवडे मारोपिटन्टच्या गोळ्या दिल्या, उलट्या कमी झाल्या, पण खाणे आणि वजन वाढले नाही. मिर्टाझापिन या दुसऱ्या औषधाने मात्र अशाच मांजरांत उलट्याही कमी केल्या आणि भूकही वाढवली.

मला या सगळ्या विषयातला सर्वात महत्त्वाचा निष्कर्ष हाच वाटतो. इंजेक्शनने फरशी स्वच्छ राहते, मालक निश्चिंत होतो आणि जनावर मात्र कोपऱ्यात तोंड मिटून बसते. मांजराच्या बाबतीत याची किंमत जबर असते. दोन-तीन दिवस काही न खाल्लेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि मूळ आजार किरकोळ असला तरी हे यकृत तिचा जीव घेऊ शकते. म्हणून दुसऱ्या दिवशी विचारायचा प्रश्न "उलटी झाली का?" एवढाच नको, "किती खाल्लं?" हाही हवा. उलटी थांबूनही खाणे सुरू झाले नसेल तर ऑन्डान्सेट्रॉन जोडणे, भूक वाढवणारे औषध देणे किंवा नळीने भरवणे, यांपैकी काही तरी करावे लागते. मारोपिटन्ट आणि ऑन्डान्सेट्रॉन वेगवेगळ्या जागी काम करत असल्याने दोन्ही एकत्र देण्याची पद्धत आता रुळली आहे.

दुसरा मोठा वाद आतड्यातल्या अडथळ्याचा. मे महिन्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात मक्याचे कणीस, वर्षभर पायमोजे आणि रबरी चेंडू: कुत्र्यांच्या पोटातून हे सगळे निघते. मांजरांत दोरा. शिवणाचा, मांसाला बांधलेला किंवा संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेला मांजा. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली अडकते, दुसरे आतड्यात पुढे जात राहते, आतडे त्या दोऱ्यावर चुण्या पडत गोळा होते आणि शेवटी दोरा आतड्याची भिंत कापतो. म्हणून उलट्या करणाऱ्या मांजराचे तोंड उघडून, हनुवटीच्या खालून अंगठ्याने जीभ वर दाबून तिच्या मुळाशी पाहणे ही तपासणीची पहिली पायरी आहे. अर्धे मिनिट लागत नाही. दोरा दिसला तर तो ओढायचा नसतो.

अडथळ्याची शंका असताना उलटीचे इंजेक्शन द्यावे की नाही? एका मताचे डॉक्टर म्हणतात, एक्स-रे किंवा सोनोग्राफी होईपर्यंत मुळीच नको, लक्षण झाकले जाते आणि दोन दिवस वाया जातात. दुसऱ्यांचे म्हणणे, तळमळणाऱ्या जनावराला तपासणी होईपर्यंत तसेच ठेवणे क्रूर आहे, उलट्यांनी पाणी आणि क्षार जातात, अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो, आणि खरा अडथळा असेल तर जनावर खात नाही, पोट दुखत राहते, म्हणजे चित्र पूर्ण झाकले जात नाही. मला दुसरी बाजू पटते, पण एका अटीवर: पोट हाताने चाचपलेले असले पाहिजे आणि पुढची तपासणी त्याच दिवशी ठरलेली असली पाहिजे. हात न लावता, "काही तरी खाल्लं असेल" म्हणून एक सुई देऊन घरी पाठवणे, आणि उलटी बंद झाल्यामुळे मालकाने चार दिवस न येणे, यात आतडे काळे पडते. मेटोक्लोप्रमाइडबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. अडथळा नाही याची खात्री होईपर्यंत ते द्यायचे नाही.

विषबाधेत क्रम उलटा लागतो. ज्या विषाला बाहेर काढायचे आहे तिथे आधी उलटी करवायची आणि मग ती थांबवायची. मारोपिटन्ट आधी टोचून बसले तर नंतर उलटी करवणे अवघड होते. बीगल कुत्र्यांवरची ती तुलना हेच दाखवते. आपल्याकडे उंदीर मारायला वापरतात ते काळसर झिंक फॉस्फाइड जठरातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन हा विषारी वायू तयार करते. अशा जनावराची उलटी बंद खोलीत झाली तर ती हाताळणाऱ्या माणसालाही धोका असतो. खिडक्या उघड्या हव्यात, शक्यतो उघड्यावरच हे काम करावे. आम्ल, फिनाइलसारखे दाहक पदार्थ, रॉकेल पोटात गेले असेल तर उलटी करवायचीच नाही. मालकांनी घरी मिठाचे पाणी पाजणे हा तर दुसऱ्या विषबाधेचा मार्ग आहे. मांजराला पॅरासिटामॉल, कुत्र्याला माणसाची डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन देऊन झाल्यावर सुरू झालेल्या उलट्याही याच सदरात येतात. आदल्या दिवशी घरातली कोणती गोळी दिली, हे संकोच न करता सांगितले तर निदानाचा अर्धा रस्ता कापला जातो.

पार्वो या विषाणूच्या आजारात या औषधांची खरी कसोटी लागते. लस न मिळालेले पिल्लू, रक्ताचे जुलाब, न थांबणाऱ्या उलट्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने, दवाखान्यात ठेवण्याचा खर्च न परवडणाऱ्या मालकांसाठी एक पद्धत तपासली. तिचा निकाल २०१७ मध्ये आला. चाळीस कुत्री, सगळ्यांना सुरुवातीला शिरेतून द्रव देऊन सावरले. मग निम्म्यांना भरती करून पूर्ण उपचार, आणि उरलेल्यांना फक्त कातडीखाली सलाईन, दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिजैविकाचे एक इंजेक्शन आणि रोज एक मारोपिटन्ट. भरती केलेल्यांत ९० टक्के वाचली, दुसऱ्या गटात ८० टक्के. भरती करणे शक्य असेल तर तेच करावे. पण जिथे ते शक्य नाही, तिथे पिल्लाला मरणाच्या स्वाधीन करण्याची गरज नाही, हे या आकड्यांनी दाखवले. त्यात उलटी थांबवणाऱ्या सुईचे काम मोठे, कारण उलटी आवरली तरच पिल्लाला लवकर भरवायला सुरुवात करता येते. पार्वोच्या कुत्र्यांत मारोपिटन्ट आणि ऑन्डान्सेट्रॉन यांची समोरासमोर तुलना झाली तेव्हा दोन्हींत ठळक फरक आढळला नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या दवाखान्यांना ही फार दिलासा देणारी बाब आहे. तिथे मारोपिटन्टची बाटली नसते, पण माणसांचे ऑन्डान्सेट्रॉन रस्त्यापलीकडच्या मेडिकलमध्ये काही रुपयांत मिळते.

फक्त मेडिकलमधले कोणतेही अ‍ॅम्प्यूल माणसाच्या मापाचे असते. उदाहरणार्थ, मेटोक्लोप्रमाइडच्या १ मिलीत ५ मिलिग्रॅम औषध. अर्ध्या किलोच्या पिल्लाची जास्तीत जास्त मात्रा भरते ०.०५ मिली, म्हणजे जेमतेम एक थेंब. साध्या सिरिंजच्या तोंडाशी आणि सुईत मिळूनच एवढे औषध अडकून राहते. दांडा थोडा जास्त दाबला गेला की मात्रा दुप्पट. म्हणून आधी सलाईनमध्ये पातळ करून मग मोजणे आणि पिल्लाला अंदाजाने नव्हे तर काट्यावर वजन करून औषध देणे, या दोन गोष्टींना पर्याय नाही. हातात उचलून "असेल अर्धा किलो" म्हटलेले पिल्लू कित्येकदा तीनशे ग्रॅमचे निघते.

औषध कोणतेही असो, कोणते इंजेक्शन, किती मिली आणि किती वाजता, या तीन गोष्टी केसपेपरवर असायला हव्यात. रात्री अकराला दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले तर तिथल्या डॉक्टरला सकाळचे मारोपिटन्ट अजून काम करते आहे हे कळले पाहिजे, नाही तर उलटी नाही म्हणून तोही निर्धास्त होईल. "सकाळी एक पांढरं इंजेक्शन दिलं होतं" एवढ्याने काहीच कळत नाही. कागदावर लिहिलेले नसेल तर मालकाने निघण्याआधी मागून लिहून घ्यावे. कोणताही चांगला डॉक्टर त्यावर नाराज होणार नाही.